मलमाच्या आठ डब्या

ताई, दिवाळीच्या पाच दिवसांत तुझ्या आठ डब्या घरी परत आल्या.

यंदा आपल्याकडे फराळ नाही, म्हणून बिल्डिंगमधल्या घरांतून ताटं येत होती. मालतीकाकूंच्या ताटात करंज्यांच्या आड एक डबी होती. खालच्या मजल्यावरच्या सुनेने तिची रुमालात गुंडाळून आणली. कुणी फार बोललं नाही. ताट द्यायचं, दोन मिनिटं खुर्चीच्या टोकावर बसायचं आणि निघताना डबी हळूच टेबलावर ठेवायची. त्यांना वाटत असावं, वस्तू ताईंची आहे, ती ताईंच्या घरी असावी. एरवीही याच डब्या याच सुमाराला येत. पण तेव्हा जिन्यातूनच हाक येत असे, "ताई, मलम संपलं हो. थंडीच्या आत भरून ठेवा."

डब्या रिकाम्या नव्हत्या. भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आपल्याकडे सुपारीएवढ्या डबीलाही लागू आहे. बहुतेकींत चिमूटभर साखर होती. एकीत वेलदोडा होता. मालतीकाकूंच्या डबीत आख्खा बत्तासा मावला नव्हता, म्हणून त्यांनी तो मोडून अर्धा घातला होता. मी सगळ्यांतली साखर एका वाटीत काढली. कपभर चहाला पुरेल एवढी निघाली. त्या साखरेचाच चहा केला. त्याला खोबरेलाचा आणि मेणाचा वास येत होता. संपवायला बराच वेळ लागला.

आठवी डबी कुंदाची. भाऊबीजेच्या दिवशी ती सातपूरहून भावाकडे निघाली होती, वाटेत वर आली. कारखान्यात तुझ्या हाताखाली पंधरा वर्षं काम केलेली बाई, तिला हळूच काही ठेवता येत नाही. डबी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "शालूताई, मी ही परत करायला आलेले नाही. भरून घ्यायला आलेय."

"मला येत नाही गं ते."

"येत नाही म्हणजे? घरात होत होतं ना दर वर्षी?"

"ताई करायची. मी आत बसून वाचायचे."

कुंदा तुझ्या फोटोकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "वाचून तरी काय आलं मग तुला?" आणि लगेच माझा हात धरून रडायला लागली. तिचे ओठ आत्ताच कोपऱ्यात फुटले आहेत. मशीन गार ठेवणाऱ्या कूलंटचे तुषार आणि त्यात ही थंडी. जाताना डबी तिने माझ्याकडेच ठेवली.

तेव्हापासून त्या आठ डब्या ओट्यावर ओळीने मांडलेल्या आहेत. साधी गोष्ट आहे. ओठांचं मलम करायचं आणि थंडी वाढायच्या आत आठ घरी पोचवायचं. पण मला ते जमलं नाही, तर तुझ्या हातची एक गोष्ट या शहरातून कायमची संपेल. आणि ती माझ्यामुळे संपेल, तुझ्यामुळे नाही.

तुला आठवत असेल, याच गोष्टीवरून आपण किती वर्षं भांडलो. मी पुस्तकांतली. कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं काढलेली. जे लिहिलेलं नाही ते हरवतं, यावर माझा विश्वास. एका वर्षी मी जाड पुठ्ठ्याची वही आणली, वर 'मलम' लिहिलं आणि पेन घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. ती वही परवा काढली. माझ्या अक्षरात चार ओळी आहेत, आणि त्या लिहिताना मी किती चिडले होते ते अक्षरावरून कळतं.

मेण : पुरेसं.
तेल : मेण मावेल तितकं.
तूप : बोटावर येईल तेवढं.
रतनजोत : रंग येईपर्यंत.

पुढची पानं कोरी आहेत.

"याला काय कृती म्हणतात?" मी विचारलं होतं.

"मग काय म्हणतात?"

"दिवसभर कारखान्यात केसाच्या जाडीपर्यंत मोजतेस. आणि इथे 'पुरेसं'?"

"म्हणून तर," तू म्हणालीस. "दिवसभर मोजलं की घरी मोजायचं नसतं. आणि शालू, मशीनच्या बुशचं भोक दर वेळी तेवढंच असतं. मेण दर वर्षी वेगळं असतं. पेठकडच्या रानात यंदा कोणती फुलं फुलली, ते तुझ्या वहीला कळणार आहे का?"

मी वही मिटली आणि दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तू मात्र जेवायला वाढताना मुद्दाम विचारत राहिलीस, "भात किती घालू? ग्रॅममध्ये सांग."

आता सांगते. त्या वेळी मला राग वहीचा नव्हता. तुझ्या हातांना जे येत होतं, त्याचा मला हेवा वाटायचा. मी आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचलं. तू एक वाटी चुलीवर ठेवायचीस आणि तासाभरात आठ घरांच्या थंडीची सोय व्हायची. हे मी तुला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू हसली असतीस आणि मला आणखी राग आला असता.

पहिल्यांदा मी चुकले ते वाचूनच. इंटरनेटवर कृती शोधली. तिथे रंगासाठी बीट सांगितलं होतं. मी बीट किसलं, पिळलं, रस आटवला आणि वितळलेल्या मेणात ओतला. तेल आणि पाणी एकत्र येत नाहीत हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण छापलेलं दिसलं की माझी अक्कल गप्प बसते, हे तूच म्हणायचीस. रसाचे तळाशी जाऊन लाल थेंब झाले आणि वर फिकट पिवळं मलम तरंगत राहिलं. दोन दिवसांत त्या थेंबांना बुरशी आली.

दुसऱ्यांदा रतनजोत आणली. गावातल्या काष्ठौषधीच्या दुकानात जाऊन मागितली, तर मालक म्हणाले, "ताईंच्या घरून का?" आणि मी सांगायच्या आतच त्यांना कळलं. पुडी बांधताना त्यांनी नंतर एकदाही वर पाहिलं नाही. त्या मुळ्या कोमट तेलात टाकल्या की तेल कसं हळूहळू डाळिंबासारखं होतं, ते मी पहिल्यांदा नीट पाहिलं. साठ वर्षांची व्हायला आले आणि आपल्याच स्वयंपाकघरात हे घडतं ते पहिल्यांदा पाहिलं. रंग जमला. मेण मात्र इतकं झालं की गार झाल्यावर नख उमटेना. कुंदाला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मग त्याची मेणबत्ती कर."

वाटीतलं ते लाल घट्ट मेण घेऊन मी बसले होते. आणि मला गेल्या वर्षीचा दिवस आठवला. खरं तर तो आठवू नये म्हणूनच मी इतके दिवस वह्या आणि इंटरनेट चाळत होते.

गेल्या वर्षी तू मला आतून तीनदा हाक मारलीस. रविवार होता. मी खिडकीजवळच्या खुर्चीत होते, मांडीवर पुस्तक. पहिल्यांदा म्हणालीस, "शालू, ये. मेण वितळतंय, बघ." मी म्हणाले, आले. दुसऱ्यांदा म्हणालीस, "यंदा तू ढवळ, मी नुसती बसते." मी म्हणाले, एवढं पान संपू दे. तिसऱ्या वेळी तू नुसतं "शालू" म्हणालीस. मी उत्तर दिलं नाही. मला वाटलं, तू वहीचा सूड उगवते आहेस. तुला तेव्हाच जिना चढताना दम लागत होता आणि तू ते लपवत होतीस, हे मला चार महिन्यांनी डॉक्टरांच्या समोर बसल्यावर कळलं.

ते पुस्तक कोणतं होतं ते मला आता आठवत नाही, ताई. खरंच आठवत नाही.

थोड्या वेळाने तू नेहमीसारखी बाहेर आलीस. करंगळीवर थेंब होता. माझी हनुवटी धरलीस आणि म्हणालीस, "ओठ पुढे कर." मी पानावरून नजर न काढता ओठ पुढे केले. तू लावलंस. "कसंय?" मी म्हणाले, "जरा घट्ट." तू आत गेलीस. पुन्हा आलीस. "आता?" "ठीक." "ओतू?" "ओत." तेवढंच.

हे दर वर्षी असंच व्हायचं. वाचताना मी ओठ चावते, म्हणून माझे ओठ बारा महिने फुटलेले. तुझे कधीच फुटले नाहीत. निफाडकडून गार वारा आला, लोक कानाला मफलर गुंडाळून फिरायला लागले, तरी तुझे ओठ मऊ असायचे. मी म्हणायचे, देवाने अन्याय केलाय. तू म्हणायचीस, तोंड बंद ठेवलं की फुटत नाहीत. आणि मग स्वतःच दिवसभर बोलायचीस.

ते पहिल्यांदा फुटले हॉस्पिटलमध्ये. मास्कच्या कडेला कोरडे पापुद्रे सुटलेले मी पाहिले आणि मला एकदम बरं वाटलं, याची आता लाज वाटते. वाटलं, आता माझ्याकडे करण्यासारखं काहीतरी आहे. दुपारी घरी येऊन गेल्या वर्षीची आपली डबी घेऊन गेले. मास्क जरा वर सरकवून बोट लावणार, तेवढ्यात सिस्टर आली.

"मावशी, ते नको. ऑक्सिजन चालू आहे. तेलकट काही लावायचं नसतं."

"घरचं आहे. तिनेच केलेलं आहे."

"असू दे मावशी. घरचं असलं तरी तेलच ना. ही ओली गॉज देते, ती फिरवा."

ती मुलगी वाईट नव्हती. तिने स्वतः गॉज भिजवून माझ्या हातात दिली. मी ती तुझ्या ओठांवरून फिरवली. डबी दुसऱ्या मुठीत होती. तू त्या मुठीकडे पाहिलंस. डबी तू ओळखलीस, एवढं मला नक्की कळलं. मास्कच्या आत तुझे ओठ हलले, मास्क धुरकटला, आणि मी म्हणाले, "बोलू नकोस, दम लागेल."

त्यानंतर तू काही बोलली नाहीस. दोन दिवसांनी गेलीस.

तुझं शेवटचं वाक्य मी अडवलं. लोक भेटायला येतात, म्हणतात, सुटल्या, फार हाल नाही झाले. मी मान हलवते. त्यांना हे सांगत नाही. ते काय असेल याचा मी खूप विचार केला. कदाचित तू पाणी मागत असशील. कदाचित त्या मुलीला उलट बोलणार असशील. मला माहीत नाही, आणि यापुढेही ते कळणार नाही. घरात आता आवाज असा नाही. फ्रिज सुरू होतो आणि बंद होतो. मी दोन कप काढते आणि एक परत ठेवते.

घरात उरलेलं तुझं मेण दोन वेळांत संपवल्यावर नवं आणायला जाणं भाग होतं. हिराबाईकडे मी याआधी कधी गेले नव्हते. पेठच्या पलीकडून शनिवारी सकाळच्या एसटीने ती येते आणि भाजीबाजाराच्या टोकाला मध आणि मेण घेऊन बसते, एवढं तुझ्याकडून ऐकलेलं. तीन शनिवार गेले, ती काही आली नाही. चौथ्या शनिवारी दिसली. समोर मधाच्या बाटल्या, फडक्यावर मेणाचे मळकट गोळे.

"मेण हवंय," मी म्हणाले. "ओठांच्या मलमासाठी."

तिने माझ्याकडे, म्हणजे नीट माझ्या ओठांकडे पाहिलं. "तुम्ही धाकट्या का?"

"हो."

"मोठ्या बाई नाय आल्या?"

सांगितलं. तिने हातातला गोळा खाली ठेवला. शेजारचा भाजीवाला ओरडत होता, त्याला म्हणाली, "जरा थांब रे, गप." मग मला म्हणाली, "लय हसवायच्या. मेण हातात घेऊन वास घ्यायच्या न् म्हनायच्या, हिरे, यंदा माशा आळशी झाल्यात."

"मला मलम करता येत नाही," मी म्हणाले. का सांगितलं कुणास ठाऊक. कुंदाशिवाय मी कुणाला न सांगितलेलं, त्या बाईला रस्त्यावर उभं राहून सांगितलं. "दोनदा बिघडलं. घट्ट होतं. तिने प्रमाण कुठे लिहून ठेवलेलं नाही."

हिराबाई हसली. "अवो, त्यांना तरी कुठं ठावं होतं? त्या म्हनायच्या, मी नुसती ढवळते. घट्ट का पातळ ते आमची धाकटी सांगते. तिचे ओठ लय खरे हायेत. म्या म्हनलं, तिला बोलवा की एकदा. तर म्हनल्या, ती वाचत असती, तिला नाय उठवायचं."

मी मेण घेतलं. पिशवी घट्ट धरून पंचवटीपर्यंत चालत आले, तिथून रिक्षा करायची विसरले आणि तशीच घरापर्यंत चालत राहिले.

तिला नाय उठवायचं. तू हे बाजारातल्या बाईला सांगितलंस, मला नाही. की मला वाटेल तेव्हा येईन म्हणून वाट पाहिलीस? पण मग गेल्या वर्षी तीनदा हाका मारल्यास. गेल्या वर्षी मात्र तुला मला उठवायचं होतं. हे दोन्ही मला एकत्र धरता येत नाही. एक धरलं की कृतज्ञ वाटतं, दुसरं धरलं की कुठे तोंड लपवू असं होतं.

परवा दुपारी पुन्हा करायला घेतलं. आधी मेण पाण्यात उकळलं. त्यातून माशांचे पाय, पंखांचे तुकडे, कसलीतरी काडी असं काय काय निघालं. फडक्यातून गाळून गार केल्यावर पाण्यावर पिवळी चकती तरंगली. वास घेतला. यंदाच्या माशा आळशी आहेत की नाहीत, ते मला कळलं नाही. पातेल्यात पाणी ठेवून त्यात स्टीलची वाटी ठेवली, मेण वितळवलं, रतनजोतीचं तेल गाळून ओतलं, बोटावर आलं तेवढं साजूक तूप घातलं. चमच्याने ढवळताना वाटीच्या कडेला लागून जो आवाज होतो, तो मी खुर्चीत बसून चाळीस वर्षं ऐकला आहे. तो इथून, इतक्या जवळून, वेगळाच येतो.

थंड ताटलीवर थेंब टाकला. थिजल्यावर करंगळीने उचलला. ओट्याशी उभी राहूनच ओठांना लावून पाहिला, पण काही कळेना. घट्ट आहे की मऊ, चांगलं की वाईट, काहीच ठरवता येईना. मग लक्षात आलं, मी हे कधी उभं राहून सांगितलेलं नाही. दुसरा थेंब करंगळीवर घेऊन मी बाहेर आले, खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, हाताला लागलं ते पुस्तक मांडीवर उघडलं. अर्धं पान वाचलं. आणि पानावरून नजर न काढता लावलं.

"जरा घट्ट," मी म्हणाले.

खोलीत आवाज मोठा झाला. उठून आत कुणी गेलं नाही, म्हणून मीच गेले. अर्धा चमचा तेल घातलं, ढवळलं, पुन्हा थेंब घेऊन खुर्चीत येऊन बसले. अजून घट्ट. पुन्हा गेले. चौथ्या खेपेला पाय दुखायला लागले. तू दर वर्षी इतक्या खेपा घालायचीस का? मला दोनच आठवतात. बाकीच्या वेळी मी बहुतेक पान उलटत असेन.

पाचव्यांदा लावलं आणि ओठ ओठांवर ठेवले. पानावरची ओळ संपली. लावलेलं जाणवलं नाही. म्हणजे ते नेहमीचंच होतं.

"ठीक," मी म्हणाले.

आणि पुस्तक धरून तशीच बसून राहिले. यापुढे विचारायचं तुझं असतं, ओतू का म्हणून. खाली कुणाचीतरी स्कूटर सुरू झाली, मालतीकाकूंच्या घरी कुकरची शिट्टी झाली. आत वाटीच्या कडेने मलम थिजायला लागलं असणार. आणखी थांबले असते तर पुन्हा वितळवावं लागलं असतं. ओट्यावर परात होती, परातीत आठ डब्या, पुसून कोरड्या केलेल्या, साखरेचा कण न राहिलेल्या.

मी पुस्तक मिटलं. पानात खूण घातली नाही.

"ओतते, ताई."